उताऱ्यातले प्रत्येक वाक्य महत्त्वाचे वाटते, तेव्हा मुख्य मुद्दा कसा ओळखावा?

तुम्ही लिहिले आहे की, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करता, सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि तर्कक्षमता तपासणाऱ्या पेपराच्या, उताऱ्यातले प्रत्येक वाक्य तुम्हाला कळते, परंतु ‘उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?’ असा प्रश्न आला की दोन पर्यायांमध्ये घुटमळता आणि बहुतेक वेळा नेमका चुकीचा निवडता; शिवाय महत्त्वाच्या ओळी खुणावायला घेतल्या की पान संपेपर्यंत सगळेच पिवळे झालेले असते. मुख्य मुद्दा आणि त्याला आधार देणारे तपशील वेगळे कसे काढावेत, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास तीस वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांबरोबर बसून उतारे वाचते, त्यामुळे ही पिवळी पाने माझ्या चांगल्या परिचयाची आहेत.

वाक्ये कळतात, याचा अर्थ तुमच्या भाषेत फारसे उणे नाही. माझ्या अंदाजाने अडचण दुसऱ्याच पेपरातून आली आहे. सामान्य अध्ययनाचा अभ्यास करताना तुम्ही वर्षानुवर्षे अशी सवय लावून घेतली आहे की कोणतेही साल, कोणतेही नाव, कोणताही आकडा विचारला जाऊ शकतो, म्हणून काहीही सोडायचे नाही. त्या पेपरासाठी ती सवय योग्यच आहे. परंतु तीच नजर घेऊन तुम्ही सीसॅटच्या उताऱ्याकडे वळता, तेव्हा प्रत्येक वाक्य साठवून ठेवण्याजोगे वाटते आणि ते वाक्य तिथे कशासाठी आले आहे, हे विचारायचे राहून जाते. वाक्य काय सांगते आणि वाक्य काय काम करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला तुम्हाला सुटतो. दुसरा तुम्ही स्वतःला विचारतच नाही.

पुढे जे सांगणार आहे, ते सगळ्या प्रकारच्या वाचनाला सरसकट लागू पडत नाही, हेही आधीच सांगायला हवे. शासन निर्णय वाचताना मुख्य आशय ‘प्रस्तावना’ संपल्यावर ‘शासन निर्णय’ या शब्दांखाली उघडपणे दिलेला असतो आणि वाचणाऱ्याचे खरे काम पात्रतेच्या अटी, तारखा आणि अपवाद यांच्याशीच असते. तिथे तपशील बाजूला ठेवून भागत नाही. कवितेची मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात पकडण्याचा उद्योग आम्ही शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यातून किती जणांना कविता आवडली हे न विचारलेले बरे. आणि उताऱ्याचा विषयच अगदी अनोळखी असेल, म्हणजे ज्याने बँकेचा व्यवहार कधी केलेला नाही त्याच्यापुढे चलनविषयक धोरणाचा उतारा आला, तर तिथे सगळे तपशील सारख्याच वजनाचे वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय विषयाची ओळख करून घेण्याचा आहे, युक्त्यांचा नव्हे. माझे पुढचे सांगणे परीक्षेतल्या वैचारिक किंवा माहितीपर उताऱ्यांपुरते आहे.

माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करते. नोकरीची पहिली अनेक वर्षे मी वर्गात सांगत असे की परिच्छेदाचे पहिले वाक्य नीट वाचा, मुख्य मुद्दा तिथेच असतो. एकदा नववीतल्या एका मुलीला वर्तमानपत्रातल्या एका अग्रलेखाचा सारांश लिहायला दिला होता. अग्रलेखाची सुरुवात एका किराणा दुकानदाराच्या किश्श्याने झाली होती आणि पुढचा सगळा मजकूर सुट्या नाण्यांच्या टंचाईविषयी होता. तिने सारांशात दुकानदारच मुख्य धरला. माझ्या नियमाप्रमाणे तिचे उत्तर बरोबर होते आणि अग्रलेखाप्रमाणे साफ चूक. मराठीत लिहिणारे पुष्कळदा प्रसंगातून, आठवणीतून किंवा लोकांच्या समजुतीतून आत शिरतात आणि आपले म्हणणे मध्यावर अथवा शेवटी मांडतात. म्हणून जागेवरून मुद्दा ओळखण्याचा नियम मी तेव्हापासून सोडून दिला.

आता एक भेद, ज्यावर बाकीचे सगळे उभे आहे: विषय वेगळा आणि विधान वेगळे. चहाच्या टपरीवर मित्राने विचारले, ‘काय होतं त्या लेखात?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘पानशेतच्या पुराबद्दल होता’, तर तो लगेच विचारील, ‘हो, पण त्याचं म्हणणं काय?’ पहिले उत्तर हा विषय झाला. दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल, ती मध्यवर्ती कल्पना. तिच्यात क्रियापद असते, ती पूर्ण वाक्यातच सांगता येते आणि तिच्याशी कोणी असहमत होऊ शकतो. ‘पानशेतचा पूर’ या शब्दांशी असहमत होता येत नाही.

हाच विषय घेऊन मी सरावासाठी एक छोटा उतारा तयार केला आहे. तो सावकाश वाचा.

‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. त्या दिवसाच्या आठवणी निघाल्या की पाणी कोणत्या पुलावरून गेले आणि कोणत्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, याचीच चर्चा होते. पाणी मात्र त्याच दिवशी ओसरू लागले. शहराला पाणी पुरवणारा खडकवासल्याचा जलाशयच रिता झाल्यामुळे पुरात बुडालेल्या पुण्याला नंतर पिण्याच्या पाण्यासाठी वाड्यांतल्या विहिरींकडे आणि कात्रजच्या तलावातून पाणी येणाऱ्या पेशवेकालीन हौदांकडे वळावे लागले. घरे गमावलेली अनेक कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींमध्ये राहायला गेली आणि नदीकाठच्या पेठांमधली वस्ती शहराच्या इतर भागांत पांगली.’

मध्यवर्ती कल्पनेसाठी चार पर्याय असे समजा. पहिला: पानशेत धरण फुटल्यामुळे पुण्यात मोठा पूर आला. दुसरा: पुरानंतर पुण्याला पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसावी लागली. तिसरा: पुराचे परिणाम पाणी ओसरल्यावरही शहराच्या जीवनावर आणि वस्तीवर होत राहिले. चौथा: धरणांच्या बांधकामात दक्षता घेतली नाही, तर शहरांना मोठी किंमत मोजावी लागते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पहिला किंवा चौथा निवडतात. पहिला निवडण्याचे कारण उघड आहे, तो उताऱ्याच्या सुरुवातीलाच येतो आणि त्यात खोटे काही नाही. चौथा निवडण्याचे कारण अधिक रंजक आहे. ते वाक्य भारदस्त आहे, सभेच्या शेवटी टाळ्या मिळवील असे आहे आणि जगात खरेही आहे. परंतु उताऱ्यात बांधकामाविषयी एक शब्दसुद्धा नाही. पर्याय खरा आहे का, हे विचारू नका. तो या उताऱ्याचा आहे का, हे विचारा. ज्यांना पानशेतविषयी आधीच पुष्कळ माहिती असते, ते इथे जास्त फसतात, कारण बांधकाम अपुरे असताना धरणात पाणी साठले होते, हे त्यांना ठाऊक असते आणि ते आपली माहिती उताऱ्यात घालून वाचतात.

तुमच्यासारखे काळजीपूर्वक वाचणारे मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात अडकतील. इथे प्रत्येक वाक्याला त्याचे काम विचारावे. दुसरा पर्याय मुख्य धरला तर विहिरी आणि हौदांचे वाक्य व्यवस्थित बसते, पण गोखलेनगर आणि सहकारनगर उताऱ्यात कशाला आले, याचे उत्तर देता येत नाही. तिसऱ्या पर्यायाखाली दोन्ही वाक्ये मावतात आणि आठवणींचे वाक्यही तिथे का आहे, ते कळते. ज्या पर्यायामुळे एखादे वाक्य बिनकामाचे ठरते, त्या पर्यायावर संशय घ्यायचा. पर्याय उताऱ्यापेक्षा अरुंद असला की काही वाक्ये बाहेर राहतात. रुंद असला की सगळी वाक्ये आत मावूनही जागा रिकामी राहते, जशी चौथ्यात राहिली.

आता याच तपशिलांनी दुसरा उतारा तयार करू. शेवटचे वाक्य काढून टाका आणि त्याऐवजी लिहा: ‘एकाच जलाशयावर विसंबलेले शहर त्या जलाशयाबरोबरच कोरडे पडते, हे त्या पावसाळ्याने दाखवून दिले.’ धरण तेच, विहिरी त्याच, हौदही तेच. पण आता हौदांचे वाक्य साऱ्या उताऱ्याचा कणा झाले आणि पुराच्या पायऱ्यांच्या आठवणी निव्वळ प्रस्तावनेपुरत्या उरल्या. वसाहतींचा उल्लेख परत घातला, तर तो उपरा वाटेल. म्हणजे एखादा तपशील स्वभावतः महत्त्वाचा किंवा बिनमहत्त्वाचा नसतो, त्याचे वजन विधानावरून ठरते. तुमचे पान पिवळे होते ते याच कारणाने: विधान ठरण्यापूर्वीच तुम्ही वजन करायला बसता. निदान पहिल्या वाचनात हातात काहीही धरू नये.

ही पद्धत माझी नाही, आणि नवीही नाही. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांनी, फार पूर्वी काही कसोट्या सांगून ठेवल्या आहेत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात त्या मांडल्या आणि गीतेचे मुख्य प्रतिपाद्य काय, हे ठरवण्यासाठी वापरल्या, तो ग्रंथ १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी त्यांची नावे आहेत. अठरा अध्यायांसाठीच्या कसोट्या शंभर शब्दांच्या उताऱ्याला लावणे म्हणजे सुपारी फोडायला घण आणण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे, तरीही आजवर यापेक्षा उपयोगी साधन माझ्या हाती लागलेले नाही.

उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, यांची एक जोडी म्हणून तुलना करायची. आपल्या पहिल्या उताऱ्याचा आरंभ पुराने होतो आणि शेवट वस्ती पांगण्याने. लेखक कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, हे त्या अंतरावरून समजते. अभ्यास म्हणजे इथे पुनरुक्ती, एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत पुन्हा येते का ते पाहणे. छोट्या उताऱ्यात तिला फारसा वाव नसतो, लांब उताऱ्यात तिचा फार उपयोग होतो. अपूर्वता म्हणजे लेखक नवीन काय सांगतो आहे. मला ही कसोटी सर्वांत धारदार वाटते. पूर आला हे सर्वांना ठाऊक आहे. ते सांगण्यासाठी कोणी लेखणी उचलत नाही. या एका प्रश्नाने पहिला पर्याय बाद होतो. फल म्हणजे हे सांगून लेखकाला वाचकाच्या मनात काय ठसवायचे आहे.

उरलेल्या दोन कसोट्या थेट तुमच्या तपशिलांविषयी आहेत, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबते. उपपत्ती म्हणजे विधान सिद्ध करणारे कारण अथवा पुरावा. अर्थवाद म्हणजे विधान मनात भरावे म्हणून केलेली स्तुती, निंदा, दाखला, सजावट. तपशील या दोन जातींचा असतो, आणि ओळखण्याचा सोपा उपाय असा की ते वाक्य बोटाने झाकावे. उपपत्ती झाकली तर विधान लंगडे पडते. अर्थवाद झाकला तर विधान उभे राहते, फक्त कोरडे होते. कीर्तनाला गेलेल्यांना हा अनुभव असेलच: बुवा पूर्वरंगात सिद्धान्त सांगतात, उत्तररंगात त्यासाठी आख्यान लावतात, आणि घरी आल्यावर आपल्याला आठवते ते आख्यान. परीक्षा घेणारे नेमके याच गोष्टीचा फायदा घेतात. सर्वांत ठळक, सर्वांत चित्रमय दाखला उचलून ते त्याचाच एक पर्याय तयार करतात.

या दोहोंच्या पलीकडे तिसरे एक वाक्य असते, जे आधारच देत नाही. त्याला जुन्या परिभाषेत पूर्वपक्ष म्हणतात: समोरच्याचे मत, जे लेखक आधी मांडतो आणि मग बाजूला सारतो. आपल्या उताऱ्यात ‘आठवणी निघाल्या की पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले याचीच चर्चा होते’ हे वाक्य त्या जातीचे आहे. ‘असे मानले जाते’, ‘अनेकांना वाटते’, ‘हे खरे असले तरी’ अशा शब्दांनी पूर्वपक्ष येतो आणि ‘परंतु’, ‘मात्र’, ‘वस्तुतः’ यांनी तो संपतो. पूर्वपक्षाला लेखकाचे मत समजणे, ही मी पाहिलेल्या चुकांमधली सर्वांत नित्याची चूक आहे, आणि हुशार मुलेही ती करतात, कारण लेखक पूर्वपक्ष मांडताना अनेकदा फार समजूतदारपणे मांडतो. ‘मात्र’ दिसला की थबकायचे. आपल्या उताऱ्यात ‘पाणी मात्र त्याच दिवशी ओसरू लागले’ हे सर्वांत छोटे वाक्य आहे, त्यात फारशी माहितीही नाही, पण सारा उतारा त्या बिजागरीवर फिरतो. तुमच्या पिवळ्या खुणांमध्ये असे वाक्य निसटून गेलेले असेल, तर मला नवल वाटणार नाही.

मराठीत आणखी दोन अक्षरांकडे लक्ष ठेवावे लागते, ‘च’ आणि ‘ही’. ‘पुरामुळे वस्ती पांगली’, ‘पुरामुळेच वस्ती पांगली’ आणि ‘पुरामुळेही वस्ती पांगली’ ही तीन वेगळी विधाने आहेत. पर्यायात ‘च’, ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’ असे शब्द असले आणि उताऱ्यात तितका ठामपणा नसला, तर पर्याय उताऱ्याच्या पुढे गेला असे समजावे. परंतु ‘च’ असलेला पर्याय चुकीचाच असतो, असे जे काही ठिकाणी शिकवले जाते, त्यावर विसंबू नका. लेखकानेच ठामपणे ‘च’ म्हटले असेल, तर उत्तरातही तो यायला हवा. दुसरी एक व्यवहारातली गोष्ट: प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते आणि मराठी उतारा कधीकधी भाषांतराच्या ओझ्याने वाकलेला असतो. एखाद्या वाक्यात कर्ता कोणता आणि कर्म कोणते हेच उमगत नसेल, तर तेवढ्या वाक्यापुरती इंग्रजी बाजू पाहायला संकोच करू नका.

आता सरावाविषयी. जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या उताऱ्यांच्या कोऱ्या झेरॉक्स काढा; अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेल्या, आधीच रंगवून झालेल्या पुस्तकावर हा सराव होणार नाही, कारण डोळा जुन्या खुणांकडेच जातो. पहिले वाचन मोकळ्या हातांनी करावे. दुसऱ्या वाचनात शिसपेन्सिलीने प्रत्येक वाक्याच्या समासात त्याचे काम एका शब्दात लिहावे: कारण, पुरावा, दाखला, पूर्वपक्ष, वळण, निष्कर्ष. काम सुचत नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे. त्यानंतर, पर्याय हाताने झाकून, लेखकाचे म्हणणे स्वतःच्या एका वाक्यात लिहावे. हे वाक्य आधी लिहिणे मी फार महत्त्वाचे मानते, कारण एकदा चार पर्याय वाचले की आपले स्वतःचे आकलन त्यांच्यात मिसळून जाते आणि मग आपण उतारा न वाचता पर्यायच एकमेकांशी ताडून पाहत बसतो. तुमचे घुटमळणे बहुधा इथेच सुरू होते.

यावर तुम्ही म्हणाल की परीक्षेत इतका वेळ कुठे आहे. सीसॅटच्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि पाच प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासकट साडेसात मिनिटे. परीक्षेच्या दालनात समासात शब्द लिहीत बसणे परवडणार नाही, हे खरे आहे. हा सराव परीक्षेच्या आधी करायचा आहे. रोज दोनच उतारे, पण पूर्ण पद्धतीने, असे काही आठवडे केले की वाक्याचे काम मनातल्या मनात ओळखू येऊ लागते आणि पेन्सिलीची गरज फक्त ‘मात्र’ आणि ‘परंतु’ यांना गोल करण्यापुरती उरते. किती आठवडे लागतील, हे माणसागणिक बदलते. ज्यांचे अवांतर वाचन आहे त्यांना लवकर जमते. ज्यांनी शाळेनंतर फक्त नोट्स वाचल्या त्यांना उशीर लागतो. अशांना मी रोज एक अग्रलेख वाचून त्याखाली एक वाक्य लिहायला सांगते, आणि त्या वाक्यात क्रियापद आहे की नाही, एवढेच तपासते.

सामान्य अध्ययनाची पुस्तके तुम्ही पूर्वीसारखीच रंगवा, तिथे काही बिघडत नाही. फक्त दोन्ही अभ्यास लागोपाठ करू नका. इतिहासाची सनावळी संपवून लगेच उताऱ्याला बसलात, तर डोळा पहिली दहा मिनिटे साले आणि आकडेच वेचत राहील. सकाळी अभ्यासिकेत पोहोचल्याबरोबर, दुसरे काही उघडण्यापूर्वी दोन उतारे करून टाकावेत. आणि एखादा उतारा हे सगळे करूनही चुकत असेल, तर पर्याय गाळून फक्त उतारा आणि तुम्ही लिहिलेले एक वाक्य इथे लिहून पाठवा. कोणत्या वाक्याला तुम्ही काम दिले नव्हते, ते आपण मिळून शोधू.